क्लच जड, इंजिन मिसिंग: बग्गीचा गिअरबॉक्स उतरवण्याआधी हे वाचा

तुमचं दुखणं मी समजलो ते असं. भंगारातल्या मारुती आठशेचं कार्बोरेटरवालं इंजिन आणि चार गिअरचा गिअरबॉक्स जसाच्या तसा उचलून तुम्ही चौकोनी पाइपच्या सांगाड्यात सीटमागे बसवलात. बॅटरी आणि रेडिएटर नाकात, टाकी सीटखाली. सांगाड्याला पावडर कोटिंग केलंत. पहिला आठवडा गाडी झकास पळाली, मग क्लच जड होत गेला. दोन केबल बदलल्या, दुसरीही महिन्यात गेली, आणि दोन्हींचं आतलं प्लॅस्टिक गिअरबॉक्सच्या टोकाला वितळलेलं निघालं. क्लच दाबला की इंजिन मिसिंग करतं. पहिला आणि रिव्हर्स पडताना खर्रकन वाजतं. वीस मिनिटं चालली की बंद पडते आणि अर्ध्या तासानं मुकाट सुरू होते. शिवाय आता शेताच्या चढावर रेस वाढते, पण गाडी पुढे सरकत नाही. मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट टाका. तुम्ही विचारताय, टाकू का?

अजून नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सत्तावीस वर्षं गॅरेज चालवतो आणि घरी बांधलेल्या आठ-दहा गाड्या तरी माझ्या पिटवर येऊन गेल्या आहेत. त्यातून एक सवय लागली. गाडी घरी बांधलेली असेल तर कंपनीच्या वस्तूवर शेवटी संशय घ्यायचा, आपण जे वेल्डिंग केलं, जी वायर ओढली, जो पाइप वाकवला त्यावर आधी. तुमचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन १९८३ पासून या देशात सगळ्या हवामानांत चाललंय. ते जिथे होतं तिथे चांगलं चालत होतं, तुमच्याकडे आल्यावर बिघडलं. मग बदललं काय? जागा बदलली, माउंटिंग बदललं, अर्थिंग बदललं, केबलची लांबी बदलली, पेट्रोलचा रस्ता बदलला. शोधायचं ते इथेच.

वितळलेलं प्लॅस्टिक वाचलं तेव्हाच माझ्या डोक्यात घंटी वाजली. तुम्ही लिहिता की सायलेन्सरच्या उष्णतेनं वितळलं असेल. पण तुमच्याच सांगण्याप्रमाणे सायलेन्सर दुसऱ्या बाजूला आहे. मग उष्णता आली कुठून? केबलच्या आतून आली.

सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या आसपास करंट जातो. तो बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड वायरीनं सेल्फपर्यंत जातो आणि इंजिनच्या लोखंडातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत यायला बघतो. मूळ आठशेत त्यासाठी जाड अर्थ वायर असते. तुमच्या गाडीत निगेटिव्ह नाकातल्या पाइपला बोल्ट मारून लावलीय आणि इंजिन मागे रबरी फाउंडेशनवर बसलंय. रबरातून करंट जात नाही. वर पावडर कोटिंग, म्हणजे जिथे लोखंडाला लोखंड टेकतं तिथेही रंगाचा थर. रंग चांगला दिल्याचा हा दंड! मग करंटला परत यायला रस्ता कोणता उरतो? गिअरबॉक्सवरच्या क्लच आर्मपासून (केबल ओढली की क्लच सोडवणारा दांडा) पुढच्या पेडलपर्यंत गेलेली स्टीलची तार, आणि तिच्या जोडीला ॲक्सिलरेटरची केबल. ती तार दर वेळी सेल्फ मारताना तापते, बाहेरच्या कव्हरातलं प्लॅस्टिक मऊ पडतं, तार त्यात रुतते आणि क्लच जड होतो. तुम्ही नवी केबल टाकता, पुन्हा तेच.

आणि क्लच दाबल्यावरचं मिसिंग? इग्निशनच्या पॉइंटचं अर्थ डिस्ट्रिब्युटरमधून इंजिनलाच जातं. इंजिनचं अर्थ केबलच्या भरवशावर असेल तर पेडल दाबून केबल हलली की तो संपर्कही कमीजास्त होतो आणि स्पार्क अडखळतो. दोन वेगळे आजार वाटतात, दुखणं एक.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा. काळी टोकदार प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (वायरीच्या क्लॅम्पवर नव्हे, खांबावरच), लाल प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर घासून स्वच्छ केलेल्या जागी. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. कोणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटर पाव व्होल्टच्या आत असला तर मी चुकलो, पुढे वाचा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थ कच्चं आहे. तुमच्या गाडीत तो एकच्याही वर जाईल असा माझा अंदाज आहे. त्यानंतर जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं गिअरबॉक्सच्या बोल्टला लावून पुन्हा सेल्फ मारा. आवाजावरूनच कळेल. सेल्फ पेंगत होता तो खणखणीत फिरायला लागेल.

इलाज स्वस्त आहे. ३५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल घ्या, दोन्ही टोकांना दाबून लग (बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) बसवा आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत ओढा. सांगाड्यावर भिस्त ठेवू नका. त्याशिवाय इंजिनपासून सांगाड्याला एक छोटी विणीची पट्टी द्या, कारण दिवे आणि हॉर्नचं अर्थ सांगाड्यावर आहे. लगखालचा रंग उघडं लोखंड दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वायसर घाला, घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावा. वेल्डिंग केबलच घ्या म्हणतो, कारण तिची तार बारीक आणि पुष्कळ पदरांची असते, इंजिन हललं तरी तुटत नाही. आणि हे झाल्याशिवाय तिसरी क्लच केबल विकत घेऊ नका.

मिसिंग अर्थ सुधारूनही राहिलं तर एक वेगळी गोष्ट तपासा. इंजिन बंद ठेवून कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि तुम्ही क्रँकच्या पुलीकडे बघा. क्लच दाबला की क्रँकवर लांबीच्या दिशेनं जोर येतो. पुली डोळ्यांना दिसेल इतकी आतबाहेर सरकली तर क्रँकचे थ्रस्ट वायसर गेलेत आणि मग इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. भंगारातल्या इंजिनात हे होऊ शकतं, पण तुमची लक्षणं तशी वाटत नाहीत.

आता गिअरची खर्रखर्र. इथे आपल्यावरचीच एक गोष्ट सांगतो. गॅरेज नवीन असताना मीही अशीच एक बग्गी बांधली होती. क्लच पूर्ण सुटत नव्हता. तीन दिवसांत दोनदा गिअरबॉक्स उतरवला. प्लेट उलटी बसली का पाहिलं (उलटी बसली तर मधला फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतो आणि क्लच कधीच सुटत नाही, म्हणून ही शंका योग्यच), बेअरिंग बदललं, फोर्क बदलला. तिसऱ्या दिवशी शेजारचे लेथवाले काका चहा प्यायला आले. पेडल मी दाबत होतो आणि ते पुढून बघत होते. म्हणाले, "अरे, पेडलच्या मागचा पत्रा श्वास घेतोय बघ." दीड मिलिमीटरच्या पत्र्यावर पेडलची ब्रॅकेट बसवली होती. पेडल दाबलं की पत्रा फुगायचा, क्लच आर्मपर्यंत चाल पोचायचीच नाही. तीन दिवस मी मागचं टोक खोलत होतो आणि चूक पुढच्या टोकाला होती.

म्हणून आधी हिशेब करा. पेडलच्या पिनपासून पायाच्या जागेपर्यंतचं अंतर आणि पिनपासून केबलच्या खिट्टीपर्यंतचं अंतर मोजा. समजा २५० आणि ५० मिमी आहे, म्हणजे पाचास एक. पाय १२५ मिमी खाली जात असेल तर केबल २५ मिमी ओढली गेली पाहिजे. आता गिअरबॉक्सजवळ स्टीलची पट्टी धरून बसा, दुसऱ्याला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि क्लच आर्मचं टोक प्रत्यक्षात किती सरकतं ते बघा. २५ ऐवजी १४ भरलं तर ११ मिमी वाटेत कुणीतरी खाल्लं. थोडं मोकळ्या चालीत जातं, ते जायलाच हवं. बाकीचं ब्रॅकेट वाकण्यात, केबलचं बाहेरचं कव्हर आखडण्यात आणि वळणांच्या घर्षणात जातं. पट्टी घेऊन एकेका जागी बसा, चोर सापडतो.

क्लच सुटायला आर्मची चाल किती लागते, हा आकडा पुस्तकात शोधत बसू नका. गावात अजून आठशे फिरतात. धडधाकट क्लचची एखादी गाठा, मालकाला चहा पाजा आणि तिच्या आर्मची चाल मोजून घ्या. तेवढी तुमच्या आर्मला मिळाली पाहिजे. फार जास्तही नको, प्रेशरप्लेटच्या पाकळ्या (बेअरिंग ज्यांना दाबतं त्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मर्यादेपलीकडे दाबल्या जातात. म्हणून पेडलखाली एक रबरी थांबा वेल्ड करा.

केबलचा मार्ग हा तुमच्या बग्गीचा दुसरा मोठा प्रश्न. मूळ गाडीत पेडल आणि गिअरबॉक्स शेजारी, केबल आखूड. तुम्ही तीच कामगिरी अडीच मीटरच्या बाजारात मिळालेल्या केबलकडून करून घेताय आणि फोटोत तिला तीन काटकोनी वळणं दिसताहेत. जितकी लांब आणि जितकी वाकडी, तितकं कव्हर आखडणार. मागे इंजिन असलेली जुनी फोक्सवॅगन बीटल आठवा. तिची क्लच केबल पुढून मागेपर्यंत मधल्या बोगद्यातल्या स्टीलच्या नळीतून सरळ जाते, आणि फक्त गिअरबॉक्सजवळ लवचीक नळीचा एक छोटासा मुद्दाम ठेवलेला झोळ असतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात बीटलवर वाळूतल्या बग्ग्या बांधल्या गेल्या, त्यांनाही ही सोय आयती मिळाली. आपण ती स्वतः करायची.

माझी आवडती पद्धत: पेडलपासून मागच्या आडव्या पाइपपर्यंत ८ मिमीचा सरळ रॉड. त्याच्यावर फक्त ओढ येते, दाब येत नाही, त्यामुळे बारीक रॉडही वाकत नाही. मागे पितळी बुश असलेला एक मधला लिव्हर, आणि त्या लिव्हरपासून आर्मपर्यंत आठशेचीच मूळ आखूड केबल. हायड्रॉलिक करायची हौस असेल तर करा, मीही केलंय, पण मास्टर (पेडलकडच्या) आणि स्लेव्ह (क्लचकडच्या) सिलिंडरच्या व्यासांचा हिशेब चुकला तर पुन्हा चाल कमी पडण्याचाच खेळ सुरू होतो. शिवाय ब्रेक ऑइल सांडलं की तो तुमचा लाडका रंग फुगून निघेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही पद्धतीत विसरू नका. केबलच्या कव्हरचं मागचं टोक जिथे अडकतं ती ब्रॅकेट गिअरबॉक्सच्या अंगावरच हवी. सांगाड्यावर नको. इंजिन रबरावर बसलेलं आहे, जोर आला की ते झुलतं. कव्हर सांगाड्याला आणि आर्म गिअरबॉक्सला अशी फारकत असेल तर इंजिन झुललं की क्लच आपोआप थोडा दाबला जातो, थोडा सुटतो, आणि गाडी उचलताना हरणासारख्या उड्या मारते. फोटोत तुमची ब्रॅकेट मला पाइपावर वेल्ड केलेली दिसतेय. कापा ती.

चढावर क्लच घसरतो त्याबद्दल. तुम्हीच एका वाक्यात सांगून गेलात, "गिअर पडेना म्हणून केबलचा नट आवळत गेलो." इथेच आहे उत्तर. आर्मच्या टोकाला हातानं हलवून दोन-तीन मिमी मोकळी चाल लागली पाहिजे. नट आवळून ती शून्य केलीत, म्हणजे पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग पाकळ्यांना दाबून बसलंय आणि क्लच अर्धा दाबलेला आहे. घसरणारच. अर्थ आणि केबल दुरुस्त करा, नट सैल करा, मोकळी चाल द्या आणि मग मोकळ्या सपाट जागी चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगानं जाताना एकदम पूर्ण रेस द्या. रेस आणि वेग बरोबर वाढले तर प्लेट वाचली. रेस एकटी पळाली आणि जळक्या पट्ट्याचा वास आला तर प्लेट गेली किंवा तिच्यावर ऑइल आलं, मग मात्र तुमच्या मेकॅनिकचं ऐका.

टायरकडेही बघा. आठशेला १४५/७० आर १२ टायर असतात, व्यास साधारण ५०८ मिमी. तुम्ही ६३५ मिमीचे बसवलेत. म्हणजे गाडीचे सगळे गिअर एका झटक्यात सव्वा पट उंच झाले. ३७ अश्वशक्तीच्या इंजिनाला नांगरटीच्या चढावर पहिला गिअर आता पहिला उरलाच नाही, आणि ती कसर तुम्ही अर्धा क्लच धरून भरून काढताय. दिसायला रुबाबदार आहेत, मान्य. पण मागचे तरी कमी व्यासाचे करा.

राहिलं वीस मिनिटांनी बंद पडणं. हे वेगळं दुखणं आहे, अर्थ सुधारून ते जाईलच असं मी म्हणणार नाही. तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, म्हणजे एकतर पेट्रोल पोचत नाही किंवा कॉइल तापून स्पार्क सोडते. त्याच क्षणी तपासलं तरच कळतं, अर्ध्या तासानं सगळंच निर्दोष असतं. म्हणून गाडीत पाना, जादा प्लग, पाण्याची बाटली आणि फडकं ठेवा. पंपाआधी पारदर्शक फिल्टर बसवा.

बंद पडली की पहिलं काम, टाकीचं झाकण उघडा. सुस्स करून हवा आत गेली तर टाकीला हवेची वाट नाही. घरी केलेल्या टाकीत हे फार वेळा राहून जातं. पेट्रोल संपतं तशी आत पोकळी होते आणि पंप ओढून ओढून थकतो. झाकण ठीक असेल तर ओलं फडकं पंपावर आणि त्याच्या पाइपांवर गुंडाळा, दोन मिनिटं थांबा, सेल्फ मारा. सुरू झाली तर पेट्रोलची वाफ अडकत होती. नाही झाली तर पुढच्या वेळी तेच फडकं कॉइलवर. दोन्हीकडे एकाच वेळी घालू नका, नाहीतर गाडी सुरू होईल आणि कळणार काहीच नाही. स्पार्क बघायचा तर जादा प्लग ब्लॉकला टेकवून ठेवा, पण पेट्रोलचे पाइप सगळे जोडलेले आणि कोरडे असल्याशिवाय नाही.

माझा संशय वाफेवर आहे, आणि त्याचं कारण तुमच्या फोटोतच आहे. आठशेच्या यांत्रिक पंपाला तीन तोंडं असतात: एक टाकीकडून, एक कार्बोरेटरकडे, एक टाकीकडे परत. परतीच्या तोंडावर तुम्ही बोल्ट घालून क्लिप मारलीय. ते तोंड फुकट नाही दिलेलं. जादा पेट्रोल त्यातून सतत फिरत राहतं, त्यामुळे पंपातलं पेट्रोल गार राहतं आणि बुडबुडे टाकीकडे निघून जातात. तुमचं इंजिन सीटमागच्या बंद पत्र्याआड आहे, समोरून वारा नाही, आणि पेट्रोल पंपातच उभं राहून उकळतंय. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं (आपल्याच उसाचं, तक्रार कुणाकडे करणार!), ते जुन्या रबरी पाइपना आतून खातं. भंगारातून आलेले सगळे पेट्रोल पाइप काढून टाका, इथेनॉल चालणारे नवे घाला, परतीचा पाइप टाकीपर्यंत न्या, आणि मागच्या पत्र्याला वरखाली जाळी पाडून हवेला वाट द्या.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण रेडिएटर नाकात आणि इंजिन मागे असेल तर लांब पाइपात हवा अडकतेच. हवेचा बुडबुडा सेन्सरपाशी बसला की काटा गार दाखवतो आणि हेड भाजत असतं. गार इंजिनावर, नाक उंच करून, सगळ्यात वरच्या पाइपाला एक छोटा नळ बसवून हवा काढा. गरम असताना झाकणाला हात लावू नका.

गाडी शेतातच चालवता हे बरं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या फॅब्रिकेशनवाल्यानं भंगारातून बनवलेली किकवर सुरू होणारी जीप २०२१ मध्ये गाजली, आनंद महिंद्रांनी कौतुक करून तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, पण रस्त्याच्या नियमांत ती बसत नाही हेही त्यांनी तेव्हाच लिहिलं होतं. तुमची बग्गीही बांधाच्या आतच ठेवा.

आता तीन आकडे काढून मला कळवा: सेल्फ मारताना ब्लॉक आणि निगेटिव्हमधला व्होल्ट, पेडलच्या हिशेबानं केबलची चाल, आणि प्रत्यक्ष आर्मची चाल. गिअरबॉक्स उतरवायचा की नाही ते त्यावरून सांगतो. तोवर रात्री बेलहाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं, क्लच झाकणारं कव्हर) एक कोरा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी त्यावर ऑइलचा डाग असेल तर तोही सांगा, आणि वास घेऊन बघा: इंजिन ऑइलचा आहे की गिअर ऑइलचा.